अस्वलाला कितीची गोळी?

मोंटाना, वायोमिंग, आयडाहो, अलास्का या अमेरिकी राज्यांत चार शिकारी एकत्र जमले की हवापाण्याचं बोलणं दोन मिनिटांत आटोपतं आणि मग खरा विषय निघतो. खांद्यावर रायफल आहे, ते ठीक. पण जोडीला कमरेचं हत्यार कितीचं? .३५७ पुरेल की .४४ हवं? १० एमएम चालेल का? आणि तो कोण शहाणा ९ एमएम लावून अस्वलांच्या रानात हिंडतोय? .३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ साली बाजारात आलं, तेव्हापासून हा वाद चालू आहे असं धरायला हरकत नाही. मधल्या काळात नवनवी काडतुसं आली, जुने वादी-प्रतिवादी गेले, त्यांची पोरं त्यांच्या जागी उभी राहिली. निकाल मात्र लागलेला नाही. आपल्याकडे बांधाच्या दाव्याखेरीज इतकं टिकाऊ भांडण मी पाहिलेलं नाही.

माझा भाचा मोंटानातल्या बोझमनला असतो. घर मूळचं सांगलीचं. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर सायकलवरून आयर्विन पुलापलीकडे नेऊन सोडणाऱ्या बापाचा हा मुलगा. पण बोझमनला सप्टेंबर उजाडला की अर्धं ऑफिस एल्कच्या मागे डोंगरात पळतं आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसतो. चार वर्षं गप्प बसून डबा खाल्ल्यावर यालाही सुरसुरी आली. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या गोत्यातलं जनावर, नर तीनशे किलोच्या घरातला. एक मिळाला तर डीप फ्रीझर वर्षभर भरलेला. "मामा, इथे शिकार म्हणजे किराणा," असं त्याने मला फोनवर समजावलं. ताईला अजून तो ट्रेकिंगला जातो एवढंच माहीत आहे.

अमेरिकेत बंदूक वाण्याकडे मिळते असा आपला समज असतो. व्हिसावर गेलेल्याला ती तशी मिळत नाही. एच-१बीवाल्याने बंदूक बाळगायला कायद्याने बंदी आहे. मात्र त्याच्याकडे शिकारीचा चालू परवाना असला की बंदी उठते! म्हणजे नुसती स्वसंरक्षणासाठी हवी म्हणाल तर नाही, कुणाला तरी मारायला जातोय म्हणालात तर या, बसा. बरं, तो परवानाही सुखासुखी मिळत नाही. मोंटानात १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्याला आधी शिकारीचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, आणि त्या वर्गात भरणा असतो तो शाळकरी पोरांचा. आमचे चिरंजीव चौतीस वर्षांचे, एम.टेक. झालेले. शेजारी बारा वर्षांची एक चिमुरडी. तिचं जोडीच्या हत्याराबद्दलचं मत पक्कं होतं. .४४, दुसरं काही नाही. आजोबांकडे तेच आहे म्हणाली.

रायफल असताना पिस्तूल हवं कशाला, हे मला आधी कळेना. त्याचं उत्तर भाच्याने दोन प्रसंगांत दिलं आणि दोन्ही पटण्यासारखे होते.

पहिला सप्टेंबरातला, धनुष्यबाणाच्या हंगामातला. अस्वलांच्या रानात शिरताना वाटेवर पाटी असते: आवाज करत चला, घोळक्याने चला, पहाटे आणि तिन्हीसांजेला जपा. धनुर्धारी काय करतो? एकटा जातो. पहाटेच जातो. झाडपाल्याच्या रंगाचे कपडे चढवून, अंगाचा वास मारून, वारा तोंडावर घेत, पाऊल न वाजवता चालतो. आणि मधूनमधून तोंडातल्या पिपाणीने एल्कच्या मादीचा आवाज काढतो. जेवण इथे आहे हे अस्वलाला ओरडून सांगायचं आणि आपण माणूस आहोत हे मात्र त्याला कळू द्यायचं नाही, अशी ही दुहेरी मेहनत. त्यातून हातात धनुष्य.

दुसरा प्रसंग शिकार साधल्यानंतरचा. जनावर पडलं. तीनशे किलो उचलून गाडीपर्यंत कोण नेणार? जागच्या जागी फाडावं लागतं. माणूस गुडघ्यांवर बसलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत पोटात, चाकूची मूठ चरबीने निसरडी, बाह्या भिजून जड झालेल्या. रायफल दहा पावलांवर झाडाला टेकवलेली, कारण तिच्या दुर्बिणीला रक्त लागायला नको. आतड्यांचा वास वाऱ्यावर दरीत उतरतोय. अस्वल येतं ते अशा वेळी, आणि ते शिकाऱ्यासाठी येत नाही, मटणासाठी येतं. शिकारी नेमका मटणाच्या मध्ये बसलेला असतो एवढंच. धावलं तर तीस मीटर ते दोन सेकंदांत तोडतं. तेवढ्यात उभं राहून, वळून, दहा पावलं जाऊन रायफल उचलणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

शिवाय गोळी घातली की सुटलो असंही नाही. अलास्का सोडली तर खालच्या राज्यांतलं ग्रिझली अस्वल १९७५ पासून संरक्षित यादीत आहे. जीव वाचवायला मारलं तर माफ, पण ते तुम्ही म्हणून भागत नाही. कळवावं लागतं, अधिकारी येतात, अंतर मोजतात, पुंगळ्या शोधतात, अस्वल येत होतं की जात होतं ते बघतात.

हत्यार निवडायला तो दुकानात गेला तेव्हा मी बरोबर होतो. मी पर्यटक व्हिसावर, शिकारीचा परवाना नाही, त्यामुळे कायद्याने मला बंदूक बाळगण्याची सोयच नाही. या विषयावर माझ्याइतका निःपक्षपाती माणूस त्या दुकानात दुसरा नव्हता. विक्रेत्याने काचेच्या काउंटरवर काडतुसं एकेक करून उभी केली. ९ एमएम, मग १० एमएम, .३५७, .४४, .४५४ कसूल आणि शेवटी .५००. हे शेवटचं माझ्या करंगळीएवढं जाड आणि दोन इंचांहून थोडं उंच. ते ठेवताना काचेवर आवाज झाला. पहिली दोन ठेवताना झाला नव्हता.

"काळं अस्वल की ग्रिझली?" विक्रेत्याने गंभीरपणे विचारलं.

"जे येईल ते," भाचा म्हणाला.

या धंद्यातल्या आकड्यांवर भाबडेपणाने विश्वास ठेवू नये. कॅलिबर म्हणजे गोळीचा व्यास, तो इंचात सांगायचा, असं वर्गात शिकवतात. प्रत्यक्षात .४४ची गोळी मोजली तर .४२९ भरते. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम यांची गोळी एकाच मापाची, नावं दोन. उलट .४५ कोल्ट आणि .४५ एसीपी यांचा आकडा एकच, पण एकाचं काडतूस दुसऱ्याच्या बंदुकीत चालत नाही. या घोळात एकच गोष्ट सोयीची आहे. .३५७च्या रिव्हॉल्वरमध्ये .३८ चालतं, .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशल चालतं. म्हणजे सराव मवाळ काडतुसांवर करायचा आणि रानात जाताना जहाल भरायची.

गोळीचे प्रकार हा आणखी एक फाटा. पोलिसांना आवडते ती पुढून पोकळ गोळी, जी आत शिरली की फुलते. अस्वलासाठी ती नको म्हणतात, कारण फुलणारी गोळी खोल जात नाही आणि अस्वलाचं मर्म चरबीच्या, स्नायूंच्या आणि जाड हाडांच्या पलीकडे असतं. तिथे कठीण शिशाची, चपट्या तोंडाची, न फुलता सरळ आत घुसणारी गोळी हवी. एवढ्यावर मात्र सगळ्यांचं जवळपास एकमत आहे. मला वाटतं, भांडायला मुख्य विषय पुरेसा असल्यामुळे असेल.

.४४ पंथाचा मूळपुरुष म्हणजे आयडाहोतला एल्मर कीथ. गुराखी, शिकारी, डोक्यावर भली मोठी हॅट, आणि मासिकांतून बंदुकांवर लिहिणारा. जुन्या .४४ स्पेशलमध्ये दारू वाढवत न्यायची, बंदूक टिकली तर त्यावर लेख लिहायचा, असा त्याच्या संशोधनाचा क्रम. वर्षानुवर्षं कंपन्यांच्या मागे लागून अखेर १९५५च्या शेवटी स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांच्याकडून त्याने .४४ मॅग्नम काढवून घेतलं. सोबत्याच्या रायफलीने जखमी झालेलं हरीण निसटून जात होतं, ते आपण .४४ रिव्हॉल्वरने सहाशे यार्डांवर टिपलं, असं त्याने छापून टाकलं. म्हणजे जवळजवळ साडेपाचशे मीटर. इतक्या लांबचं हरीण मला चष्मा लावूनही दिसणार नाही. लोकांनी जन्मभर त्याला त्यावरून छेडलं. शेवटी त्याने आत्मचरित्राला नावच दिलं ‘हेल, आय वॉज देअर!’ तिथे मी होतो, तुम्ही होता का, हा सूर. पुढे १९७१ साली ‘डर्टी हॅरी’ चित्रपटात क्लिंट ईस्टवूडच्या हाती .४४ आलं आणि रानात कधीही न जाणाऱ्यांनाही ते हवंसं वाटू लागलं.

१० एमएमचं चरित्र जास्त करुण आहे. १९८३ साली ब्रेन टेन नावाचं देखणं पिस्तूल घेऊन ते आलं. ‘मायामी व्हाइस’ मालिकेतल्या नायकाने ते वापरलं, मागणी आली, आणि कंपनीने कित्येक गिऱ्हाइकांना पिस्तूल पाठवलं ते मॅगझिनशिवाय. गोळ्या भरायच्या कशात? १९८६ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. मग एफबीआयने ते काडतूस उचललं. एजंटांच्या मनगटांना ते झेपेना, म्हणून दारू कमी केली, आणि १९९० साली त्या कमी दारूला साजेसं आखूड .४० निघालं. १० एमएम संपलं असं सगळ्यांनी धरलं. पण ईशान्य ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून गस्त घालणाऱ्या डेन्मार्कच्या सिरियस पथकाने ध्रुवीय अस्वलांसाठी रायफलीच्या जोडीला हेच १० एमएमचं ग्लॉक पिस्तूल घेतलं. शहरात हरलेलं काडतूस असं रानात जिंकलं, आणि आता बोझमनच्या दुकानात त्याचा स्वतंत्र कप्पा आहे.

.५०० स्मिथ अँड वेसन २००३चं. लांब नळीचं रिव्हॉल्वर रिकामं दोन किलोचं, चक्रीत गोळ्या पाच. ताकद चांगल्या रायफलीच्या आसपास पोचते, .४४च्या तर दुपटीहून जास्त. विकत घेणाऱ्याला ते जन्मभर पुरतं असं म्हणतात ते खरं असावं, कारण सेकंडहँड बाजारात ते ज्या अवस्थेत मिळतं ती पाहा: रिव्हॉल्वर नव्यासारखं, सोबत वीस काडतुसांचा खोका, त्यात अठरा शिल्लक.

भाच्याला ते आवडलं होतं. त्याच्या शेजारी राहणारे आजोबा जन्मभर एल्कच्या मागे हिंडलेले. ते म्हणाले, घेण्याआधी एकदा चालव, माझ्या मित्राकडे आहे. गेलो चांदमारीच्या मैदानावर. कानांवर आवरणं, डोळ्यांवर चष्मे. मी मागे बाकावर. पहिला बार झाला तेव्हा आवाज कानांपेक्षा छातीत जास्त जाणवला. नळी आकाशाकडे गेली, बाजूच्या टेबलावरचा कागदी पेला आडवा झाला, पंधरा पावलांवरचा कागद मात्र कोरा. भाचा हसला, पण ओठांनीच. दुसरा बार मातीत गेला. मग आजोबांनी रिव्हॉल्वर मागून घेतलं, त्याच्याकडे पाठ करून काहीतरी खुडबुड केली आणि परत दिलं. भाच्याने दोन्ही हातांनी धरलं, श्वास रोखला, डोळे बारीक केले, चाप ओढला. नुसतंच ‘टक्’. आजोबांनी रिकामी पुंगळी घातली होती. बार झालाच नाही, तरी नळीने वीतभर खाली डुबकी मारली होती आणि त्याचे दोन्ही डोळे गच्च मिटले होते.

आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. त्याने स्वतः तेवढं पाहिलं नाही, डोळे मिटलेले होते म्हणून.

आजोबांनी यावर भाषण केलं नाही. खिशातून आपलं जुनं .३५७ काढलं, त्यात .३८ची काडतुसं भरली आणि त्याच्या हातात दिलं. सहापैकी पाच कागदावर लागल्या. तो लगेच उंच दिसायला लागला.

एवढ्यावर वाद मिटायला हवा, पण ९ एमएमवाले अजून शिल्लक आहेत. त्यांच्याकडे एक हुकमी दाखला आहे. २०१६ मध्ये अलास्कातल्या एका अनुभवी गाइडने पाहुण्यांना मासेमारीला नेलेलं असताना अंगावर आलेलं तपकिरी अस्वल ९ एमएमनेच मारलं. तेव्हापासून ९ एमएमवाले ताठ मानेने फिरतात. तो गाइड अलास्कात जन्म काढलेला आहे आणि आपण शनिवार-रविवारचे आहोत, हा तपशील ते वगळतात. मग .२२वाला उठतो. १९५३ साली कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात बेला ट्विन नावाच्या क्री जमातीच्या बाईंनी एकबारी .२२ रायफलीने ग्रिझली लोळवलं, आणि ते साधंसुधं नव्हे, विक्रमी आकाराचं निघालं. बाई तेव्हा साठी ओलांडलेल्या. झुडपाआड लपून होत्या, अस्वल अगदी जवळ आलं, त्यांनी डोक्यात गोळी घातली आणि नंतरही खात्री होईपर्यंत घालत राहिल्या. या दाखल्यावरून .२२ घेणारा कुणी मला भेटला नाही, पण दाखला द्यायला सगळे तयार असतात.

अलास्कात याच विषयावर एक जुना विनोद आहे. नवखा आपलं मोठं थोरलं रिव्हॉल्वर म्हाताऱ्याला दाखवतो. म्हातारा म्हणतो, छान आहे, फक्त नळीच्या टोकावरची नेमाची माशी कानशीने घासून टाक. का? तर अस्वल ते हिसकावून घेऊन तुझ्या नको त्या जागी घालेल तेव्हा कमी टोचेल. सभ्य घरांत हा विनोद इथवरच सांगतात.

विनोद बाजूला ठेवू. अलास्कातल्या घटनांचे दोन अभ्यास टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले आहेत. २००८च्या अभ्यासात अस्वलावर मारायच्या मिरचीच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वलं ९२ टक्के वेळा थांबली, आणि फवारा जवळ असलेल्या माणसांपैकी ९८ टक्क्यांना काही इजा झाली नाही. २०१२च्या अभ्यासात बंदुकांचा हिशोब निघाला. पिस्तूल-रिव्हॉल्वरला ८४ टक्के यश, लांब नळीच्या बंदुकीला ७६. बंदूक वापरणारे आणि न वापरणारे यांच्या जखमी होण्यात मात्र फारसा फरक दिसला नाही. दोन्ही अभ्यासांतल्या घटना सारख्या जातीच्या नाहीत, फवाऱ्याकडच्या बऱ्याच अस्वलांचा इरादा चौकशीचाच होता, असं बंदूकवाले म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण कोणत्याही तक्त्यात .४४वाला वाचला आणि १० एमएमवाला गेला असं काही सापडत नाही. ज्या प्रश्नावर अख्खी हयात गेली त्याला तिथे रकानाच नाही.

फवाऱ्याची एक गंमत राहिली. रीतसर सांगून, कुलूपबंद पेटीत घालून पिस्तूल विमानाच्या सामानात नेता येतं. मिरचीचा फवारा नेता येत नाही, ना हातात ना सामानात.

आपल्याकडे हा वाद का नाही? सरकारने तो होऊच दिला नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढे शिकारच बंद झाली, ९ एमएम सामान्य माणसाला निषिद्ध, आणि वर्षानुवर्षं खेटे घालून परवाना मिळालाच तर कानपूरच्या कारखान्याचं .३२ रिव्हॉल्वर बहुतेकांच्या नशिबी. आपली अस्वलं मात्र आहेत तिथेच आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मोहफुलं आणि तेंदूपानं गोळा करायला जाणाऱ्यांवर ती दरवर्षी हल्ले करतात, आणि त्या बायाबापड्यांच्या जोडीला असते काठी, नाहीतर कुऱ्हाड. त्यांना कितीची काठी घेता असं कुणी विचारत नाही.

परतण्याच्या आदल्या संध्याकाळी मी शेजारच्या आजोबांना सरळ विचारलं, तुम्ही जोडीला काय नेता? ते म्हणाले, मित्र नेतो. भाचा खो खो हसला. मित्रापेक्षा आपण जोरात पळालं की झालं, हा तिथला शिळा विनोद आहे. आजोबा हसले नाहीत. एकाने मांस कापायचं आणि दुसऱ्याने पाठ लावून, हातात फवारा धरून रानाकडे बघत उभं राहायचं, मग अदलाबदल, असं त्यांचं जन्मभर चालत आलेलं आहे. कापणं लवकर उरकतं, ओझंही वाटून जातं. रिव्हॉल्वर खिशात असतं. कॅलिबर विचारल्यावर त्यांना आठवायला जरा वेळ लागला.

भाच्याने १० एमएम घेतलं. मॅगझिनमध्ये पंधरा गोळ्या, वजन झेपण्यासारखं, आणि रिकाम्या पुंगळीची परीक्षा तो आता बऱ्यापैकी पास होतो. माझं मत कुणी विचारलं नव्हतं, पण निःपक्षपाती माणसाचं म्हणून देतो: .३५७ आणि .४४च्या दरम्यान जे तुमच्या मनगटाला झेपेल ते घ्या आणि उरलेला सगळा पैसा सरावाच्या काडतुसांवर घाला. फवारा तिकडे विमानतळावरून बाहेर पडल्यावर घ्या, साधारण पन्नास डॉलरला मिळतो. तो छातीच्या पट्ट्यावर लावा, सॅकच्या तळाशी टाकू नका, आणि मुदत संपल्याची तारीख डबीवर बघून घ्या. एकटे जाऊ नका. आणि सांगलीकडे कुणाचं जाणं-येणं असेल तर आमच्या ताईकडे यातलं काही बोलू नका.